ग्लॅडस्टोनची पागा : एका अश्वारोहण संस्थेची पंचाहत्तर वर्षं

आपण ज्या काउंटीत राहतो तिथल्या एखाद्या संस्थेचा इतिहास यंदाच्या स्मरणिकेत यावा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मला दुसरं नाव शोधावं लागलं नाही. सॉमरसेट काउंटीत मराठी घरं आता पुष्कळ झाली. सणावाराला आपण ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जातो, आपली मुलं हिल्सबरो आणि बास्किंग रिजच्या शाळांत शिकतात. पण न्यू जर्सी ट्रान्झिटची एक लाइन ज्या गावात जाऊन संपते, त्या पीपॅक-ग्लॅडस्टोनला हॅमिल्टन फार्म नावाची जुनी मालमत्ता आहे आणि तिथल्या विटांच्या पागेत अमेरिकेचे ऑलिंपिक घोडेस्वार घडले, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. युनायटेड स्टेट्स इक्वेस्ट्रियन टीम (यूएसईटी) ही ती संस्था. स्थापना १९५० सालची, म्हणजे तिची पंचाहत्तरी उलटली.

संस्था का निघाली हे समजायचं तर आधी लष्कराकडे जावं लागतं. १९१२ च्या स्टॉकहोमपासून १९४८ च्या लंडनपर्यंत अमेरिकेचा ऑलिंपिक अश्वारोहण संघ म्हणजे अमेरिकेचं घोडदळच. स्वार लष्करी अधिकारी, घोडे सरकारी, सराव कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीच्या घोडदळ शाळेत. खर्चाचा प्रश्नच नव्हता. घोडा सांभाळणं हा सैन्याच्या कामाचाच भाग होता. या शाळेतून निघालेलं सर्वांत मोठं नाव हॅरी चेंबरलिन यांचं. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ‘शो गर्ल’ या घोडीवर त्यांनी शो जम्पिंगचं रौप्यपदक मिळवलं. पण पदकापेक्षा मोलाचं काम त्यांनी त्याआधीच केलं होतं. विसाच्या दशकात ते फ्रान्समधल्या सोम्यूरच्या घोडदळ शाळेत शिकले आणि तिथून इटलीत, रोमजवळच्या तोर दी क्विंतोला गेले. इटलीत तेव्हा जे शिकवलं जात होतं, त्यावर आजचं सगळं जम्पिंग उभं आहे.

ते श्रेय फेदेरिको काप्रिली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याचं. त्यांच्या आधी जगभर स्वार उडी मारताना मागे रेलत. लांब रिकिबी, पाठ मागे, हात वर, लगाम ताणलेला. घोड्याने मागच्या पायांवर जोर देऊन अंग उचललं, की स्वाराचं सगळं वजन त्याच्या कमरेवर यायचं आणि लगामाचा हिसका तोंडात बसायचा. उडी म्हणजे वेदना, हे घोडा चटकन शिकायचा आणि अडायला लागायचा. काप्रिलींनी मोकळे घोडे, पाठीवर कोणीही नसताना, उड्या कशा मारतात ते बारकाईने पाहिलं. घोडा मान लांबवतो, पाठीची कमान करतो आणि पुढच्या पायांवर उतरतो. मग स्वाराने त्याच्या आड येऊ नये, एवढाच विचार त्यांनी शेवटपर्यंत नेला. रिकिबी आखूड केल्या, स्वाराची बैठक खोगिरापासून उचलली, अंग पुढे झुकवलं, हात घोड्याच्या तोंडामागोमाग जाऊ दिले. वरिष्ठांचा विरोध मोठा होता, तरी पुढे पिनेरोलोच्या घोडदळ शाळेत हीच पद्धत रुजली. १९०७ मध्ये, चाळिशीही गाठली नसताना, काप्रिली घोड्यावरून पडून गेले. चेंबरलिन यांनी ही पुढे झुकलेली बैठक फोर्ट रायलीत आणली, अधिकाऱ्यांना शिकवली, पुस्तकांतून लिहिली. आज न्यू जर्सीतल्या कुठल्याही पागेत आठ वर्षांची मुलगी टाचा खाली दाबून, खोगिरापासून किंचित उठून बसायला शिकते, ती या इटालियन अधिकाऱ्याचाच धडा गिरवत असते.

दुसऱ्या महायुद्धाने घोडदळ संपवलं. लंडनच्या १९४८ च्या स्पर्धेत अमेरिकन अधिकाऱ्यांनी थ्री-डे इव्हेंट या तीन दिवसांच्या स्पर्धाप्रकाराचं सांघिक सुवर्ण जिंकलं खरं, पण तो त्यांचा अखेरचा ऑलिंपिक संघ ठरला. १९५० मध्ये कायद्याने घोडदळ ही शाखाच रणगाडादलात विलीन झाली. पुढचं ऑलिंपिक दोन वर्षांवर आलेलं आणि देशाकडे संघ नाही, घोडे नाहीत, पैसा नाही, सरावाची जागा नाही, अशी अवस्था.

अशा वेळी काही नागरिक आणि निवृत्त अधिकारी एकत्र आले आणि त्यांनी संस्था काढली. सुरुवातीचं नाव लांबलचक होतं, इंटरनॅशनल इक्वेस्ट्रियन कॉम्पिटिशन्स कॉर्पोरेशन. पुढे ते बदलून युनायटेड स्टेट्स इक्वेस्ट्रियन टीम झालं. पहिले अध्यक्ष कर्नल जॉन वॉफर्ड, स्वतः घोडदळातले. सरकारी मदत नाही. सगळा पैसा देणग्यांचा. घोडे मालकांनी विश्वासाने दिलेले. या देशात देणगीवर चालणाऱ्या संस्था आपण पुष्कळ पाहतो, पण उद्या ऑलिंपिकला घोडे कुठून आणायचे, या प्रश्नापासून सुरुवात करणं ही वेगळीच हिंमत होती.

हेलसिंकीला १९५२ मध्ये या नव्या संघाने शो जम्पिंग आणि थ्री-डे इव्हेंट या दोन्ही प्रकारांत सांघिक कांस्यपदकं मिळवली. जम्पिंग संघात आर्थर मॅककॅशिन, जॉन रसेल आणि विल्यम स्टाइनक्राउस होते. रसेल यांच्याखाली ‘डेमोक्रॅट’ हा घोडा होता. तो मूळचा लष्कराचा, लंडनलाही खेळलेला आणि आता वयाने उतरणीला लागलेला. जुन्या घोडदळाचा घोडा आणि नव्या नागरी संस्थेचं नाव असं ते पहिलं पदक.

संस्थेला खरा आकार दिला तो एका निर्वासिताने. बर्तलान द नेमेथी हंगेरीचे घोडदळ अधिकारी. जन्म १९११, जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या घोडदळ शाळेत शिक्षण. महायुद्धात देश गेला, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत आले आणि १९५५ मध्ये संघाचे प्रशिक्षक झाले. ते पद त्यांनी १९८० पर्यंत सांभाळलं. पंचवीस वर्षं एका माणसाच्या हातात एकच संघ, हे या खेळात फार क्वचित घडलेलं आहे.

त्यांना मिळालेले अमेरिकन स्वार धाडसी होते. शिकारीच्या मैदानात वाढलेले, वेगाने धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांवर बसायची सवय असलेले. उडीची भीती त्यांना नव्हती. उणीव होती ती दोन उड्यांच्या मधल्या जमिनीवर. नेमेथींनी कामाला तिथूनच सुरुवात केली. स्वाराला लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवायचं, रिकिबी काढून टाकायच्या, लगाम हातात द्यायचा नाही, आणि त्याचा तोल लगामाच्या आधाराशिवाय टिकू लागेपर्यंत हेच करत राहायचं. मग सपाट मैदानावरचं काम. घोड्याने चाल लांबवावी, आखडावी, वळावं, थांबावं, आणि हे सगळं लगाम न ओढता, स्वाराच्या पायाच्या आणि बैठकीच्या इशाऱ्याने. उड्या त्यानंतर, आणि त्याही आधी जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून.

दांड्यांची ही रचना जवळून पाहण्यासारखी असते. आधी काही दांड्या सारख्या अंतरावर आडव्या पडलेल्या. घोडा त्यावरून दुडकत जातो आणि प्रत्येक पाय नीट उचलायला शिकतो. त्यानंतर एक लहान उडी, मोजलेल्या अंतरावर दुसरी, मग तिसरी. अंतरं टेपने मोजलेली. ती बरोबर असली की घोडा आपोआप योग्य जागेवरून उडतो. स्वाराला त्याला ओढावं लागत नाही आणि हाकावंही लागत नाही. घोडा विचार करायला शिकतो आणि माणूस त्याला विचार करू द्यायला शिकतो. चूक झाली तर चाबूक नाही, अंतर बदलायचं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. घोडदळाकडून आलेलं धाडस आणि जर्मन शाळेची शिस्त यांची सांगड नेमेथींनी घातली, आणि तीच पुढे जगभर अमेरिकन शैली म्हणून ओळखली गेली.

या कामाला जागा मिळाली ग्लॅडस्टोनला. हॅमिल्टन फार्म ही जेम्स कॉक्स ब्रेडी या धनिकाची मालमत्ता. इथली मोठी पागा पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६-१७ च्या सुमारास बांधलेली. आत फरशी, भिंतींवर टाइल्स, पितळी कडीकोयंडे. माणसांच्या घरांतही अशी बांधणी तेव्हा सगळीकडे नव्हती. १९६१ मध्ये संस्थेने इथे मुक्काम हलवला. देशभर चाचण्या घेऊन होतकरू तरुण निवडायचे, त्यांना इथे आणायचं, आणि मालकांनी दिलेल्या घोड्यांपैकी कोणता घोडा कोणाला, हे प्रशिक्षकाने ठरवायचं, अशी पद्धत होती. स्वाराकडे घोडा विकत घ्यायची ऐपत असलीच पाहिजे, अशी अट नव्हती. हात चांगला हवा होता.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सांघिक रौप्य आलं. १९६४ मध्ये टोकियोला कॅथी कुसनर आणि मेरी मेअर्स या अमेरिकेच्या ऑलिंपिक जम्पिंग संघातल्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. शो जम्पिंगमध्ये स्त्रियांना ऑलिंपिकची दारं १९५६ मध्येच उघडली होती; त्याआधी पदकं फक्त पुरुषांची. मेरी मेअर्स यांनी टोकियोच्या आधीच, १९६३ मध्ये, साओ पावलोच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकलं होतं. कुसनर यांनी तर १९६८ मध्ये रेसच्या मैदानावर जॉकी म्हणून उतरण्याचा परवाना कोर्टात भांडून मिळवला. स्त्री आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच नियमाने, एकमेकांविरुद्ध खेळतात असे ऑलिंपिक खेळ फार थोडे आहेत. आपल्या मुलींना या खेळाची ओढ लागते त्यात मला याचाही वाटा दिसतो.

आणि मग १९६८, मेक्सिको. विल्यम स्टाइनक्राउस यांच्याविषयी थोडं सविस्तर लिहितो. येल विद्यापीठात शिकलेले, व्हायोलिन वाजवणारे, पोटापाण्यासाठी प्रकाशन व्यवसायात काम करणारे. महायुद्धात ते घोडदळाच्या रेजिमेंटमधून ब्रह्मदेशात लढले होते. हौशी खेळाडू हा शब्द त्यांना अक्षरशः लागू पडत होता. मेक्सिकोत त्यांच्याखाली ‘स्नोबाउंड’ होता. हा थरोब्रेड रेसच्या मैदानावरून आलेला, पायांनी नाजूक, स्वभावाने तापट. त्या दिवशी स्टाइनक्राउस यांनी वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलं. अश्वारोहणातलं ते अमेरिकेचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पाच ऑलिंपिकमध्ये ते मैदानात उतरले आणि १९७२ मध्ये म्युनिकला सांघिक रौप्य घेऊन थांबले. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं खेळणं चित्रफितींत पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ते काही करताना दिसतच नाहीत. घोडा धावतो, वळतो, उडतो, आणि वर बसलेला माणूस त्याच्या वाटेत कुठेही येत नाही.

रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्याला दुसरं आयुष्य देणं आपल्यातल्या मुंबईकरांना नवं वाटणार नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अॅमॅच्युअर रायडर्स क्लबची मुलं अशाच घोड्यांवर शिकत आली आहेत. अमेरिकेतही कित्येक वर्षं जम्पिंगचे उत्तम घोडे रेसच्या मैदानानेच दिले.

इथे थोडं थांबून हंटर आणि जम्पर यांतला फरक सांगायला हवा, कारण आपली मुलं जवळच्या पागेत शिकायला जातात तेव्हा हे दोन शब्द आधी कानावर पडतात आणि पालकांचा गोंधळ उडतो. हंटर हा प्रकार कोल्ह्याच्या शिकारीतून आला. सॉमरसेटच्या याच टेकड्यांतून एसेक्स फॉक्स हाउंड्सची मंडळी कुत्र्यांमागे घोडे घालत. दिवसभर कुंपणं ओलांडत जायचं, तर घोडा शांत हवा, चाल एकसारखी हवी, उडी सुरेख आणि सुरक्षित हवी. हंटर स्पर्धेत परीक्षक नेमकं हेच पाहतात. गुण घोड्याला मिळतात. चालीची लय मोडली, घोड्याने गुडघे सैल सोडले, शेपटी झटकली तरी गुण जातात. आयाळीच्या बारीक वेण्या घातलेला घोडा एकामागून एक उड्या घेत जातो आणि बघणाऱ्याला सगळं सोपं वाटतं. ते सोपं दिसावं यासाठीच सगळी मेहनत असते. इक्विटेशनमध्ये घोड्याऐवजी स्वाराची परीक्षा होते. त्यातली मॅक्ले स्पर्धा १९३३ पासून चालू आहे आणि ती प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या एएसपीसीए या संस्थेच्या नावाने घेतली जाते. स्टाइनक्राउस यांनी लहानपणी ती जिंकली होती. चांगलं बसणं हीच घोड्यावरची पहिली दया, असं मानणाऱ्यांनी ही योजना केली असणार.

जम्परमध्ये मात्र मत नाही, हिशेब आहे. दांडी पडली की चार दोष. घोडा अडला की चार. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर आणखी. स्वार पडला की बाद. बरोबरी झाली तर पुन्हा कमी उड्यांची फेरी, घड्याळाच्या काट्यावर. ऑलिंपिकमध्ये फक्त हाच प्रकार आहे, हंटर नाही. पण अमेरिकेत मुलं बहुधा हंटरपासून सुरुवात करतात, मग इक्विटेशन, मग जम्पर. मला हा क्रम योग्य वाटतो. लय आणि संयम आधी, वेग नंतर.

जम्परच्या मैदानात उतरण्याआधी स्वार पायी फिरून अंतरं मोजतात. घोड्याची कँटरची एक ढांग साधारण १२ फुटांची धरतात. उडीनंतर उतरायला ६ फूट आणि पुढच्या उडीसाठी उठायला ६ फूट धरले, की ६० फुटांच्या अंतरात चार ढांगा नेमक्या बसतात. मार्ग आखणारा मुद्दाम ६६ फूट ठेवतो. आता चार ढांगांना जागा जास्त, पाचांना कमी. लांब ढांगेचा घोडा असेल तर चार, आखूड ढांगेचा असेल तर पाच, हे स्वाराला आधीच ठरवावं लागतं आणि मागची उडी घेतानाच त्याची तयारी करावी लागते. घोड्याला लांबायला आणि आखडायला शिकवलं नसेल तर त्या जागी दांडी पडते. नेमेथी सपाटीवरच्या कामाचा एवढा आग्रह का धरत, ते इथे कळतं.

मार्ग आखण्याचं त्यांचं कौशल्य १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिलं. जम्पिंगचे मार्ग त्यांनीच आखले होते. प्रशिक्षकपद तोवर त्यांच्याच संघातल्या फ्रँक चॅपट यांच्याकडे आलं होतं. अमेरिकेने तिथे जम्पिंगचं पहिलं सांघिक सुवर्ण जिंकलं आणि वैयक्तिक सुवर्ण जो फार्गिस यांनी ‘टच ऑफ क्लास’ या घोडीवर. तीही रेसच्या मैदानावरूनच आलेली, अंगाने लहानखुरी. त्या ऑलिंपिकमध्ये तिने ९१ उड्यांपैकी ९० स्वच्छ घेतल्या. दुसऱ्या बाजूला थ्री-डे इव्हेंटचा संघ फ्रेंच प्रशिक्षक जॅक ल गॉफ यांनी घडवला होता. १९७६ मध्ये माँट्रिऑलला सांघिक आणि वैयक्तिक दोन्ही सुवर्णपदकं त्यांच्या शिष्यांची.

चॅपट तर आपले शेजारीच. सहा ऑलिंपिक खेळलेला हा माणूस मेरी मेअर्स यांच्याशी लग्न करून नेशॅनिक स्टेशनला स्थायिक झाला. हिल्सबरोकरांच्या अगदी उंबऱ्यावर. तिथे त्यांनी ‘जेम ट्विस्ट’ नावाचा पांढरा घोडा पैदा केला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ग्रेग बेस्ट या तरुण स्वाराने त्याच्यावर वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं मिळवली. जागतिक दर्जाचा घोडा, त्याचा पैदासकार आणि प्रशिक्षक हे सगळं आपल्याच काउंटीतलं. २०१६ मध्ये चॅपट वारले.

जेम ट्विस्टच्या काळातच खेळ बदलत होता. घोड्यांची किंमत वाढली, युरोपातून खास जम्पिंगसाठी पैदा केलेले घोडे येऊ लागले, बक्षिसांचा पैसा वाढला, स्वार व्यावसायिक झाले. मालक घोडा संघाला देण्याऐवजी आपल्या पसंतीच्या स्वाराला देऊ लागले. एका पागेत, एका गुरूखाली सगळा संघ राहायचा, ती पद्धत संपली. पदकं थांबली नाहीत. अथेन्सच्या २००४ च्या स्पर्धेत एका जर्मन घोड्याच्या अपात्रतेनंतर सांघिक सुवर्ण अमेरिकेकडे आलं, २००८ मध्ये पुन्हा सुवर्ण, आणि रिओ, टोकियो, पॅरिस अशा तीन ऑलिंपिकमध्ये ओळीने सांघिक रौप्य. टोकियोच्या संघात न्यू जर्सीची जेसिका स्प्रिंगस्टीन होती, गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांची मुलगी. तिची गुणवत्ता निर्विवाद आहे. तरीही माझं मत नोंदवतो : ऐपत नसलेल्या पण हात चांगला असलेल्या मुलाला ऑलिंपिकपर्यंत नेणारी जी वाट १९६० च्या दशकात ग्लॅडस्टोनच्या पागेतून जात होती, ती आज फार अरुंद झाली आहे, आणि हे या खेळाचं नुकसान आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही. रोमच्या रौप्यपदक विजेत्या संघातले जॉर्ज मॉरिस पुढे देशातले सर्वांत वजनदार शिक्षक झाले. ‘हंटर सीट इक्विटेशन’ हे त्यांचं १९७१ चं पुस्तक पागेपागेत वाचलं गेलं आणि २००८ च्या सुवर्णपदकाच्या वेळी तेच संघाचे प्रमुख होते. २०१९ मध्ये यू. एस. सेंटर फॉर सेफस्पोर्ट या संस्थेने अल्पवयीन व्यक्तीशी लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणात त्यांच्यावर कायमची बंदी घातली. त्यांनी आरोप नाकारले. लवादाने बंदी कायम ठेवली. अश्वारोहणाच्या जगात त्यावर मोठं वादळ उठलं आणि अनेकांनी शिक्षकाची बाजू घेतली. मुलं तासन्‌तास ज्यांच्या ताब्यात असतात, प्रवासाला ज्यांच्याबरोबर जातात, त्यांच्यावर डोळस लक्ष असलंच पाहिजे. पदकांच्या यादीपुढे हे लहान मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. आता राष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या प्रौढ सभासदांना या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि बंदी घातलेल्यांची यादी कोणालाही पाहता येते.

संस्थेची रचनाही बदलली. देशातल्या घोड्यांच्या स्पर्धांचे नियम करणारी संघटना १९१७ पासून वेगळी होती आणि ऑलिंपिक संघ वेगळा. दोघांत अधिकारावरून बराच काळ वाद चालला. २००३ मध्ये दोन्ही एकत्र येऊन युनायटेड स्टेट्स इक्वेस्ट्रियन फेडरेशन झालं. त्याचं मुख्य कार्यालय केंटकीत, लेक्सिंग्टनला. संघासाठी निधी उभारणारी यूएसईटी फाउंडेशन मात्र ग्लॅडस्टोनच्याच पागेत राहिली. तरुण स्वारांसाठीच्या ‘टॅलेंट सर्च’ स्पर्धेची पूर्वेकडची अंतिम फेरी बरीच वर्षं इथे झाली.

माझी मुलगी जवळच्या एका लहान पागेत शिकते. तिथल्या बाईंनी पहिले काही महिने तिला घोड्यावर कमी आणि घोड्याभोवती जास्त ठेवलं. खरारा कसा करायचा, तंग कसा आवळायचा, खुरातली माती टाचेकडून टोकाकडे कशी काढायची, खुराच्या मधला मऊ त्रिकोण कसा जपायचा, गव्हाणीत गवत किती टाकायचं. शनिवारी सकाळी ती फावड्याने लीद काढताना पाहून घरच्या मोठ्यांना जरा वाईट वाटलं होतं. मला नाही वाटलं. नेमेथींच्या परंपरेतले शिक्षक हेच शिकवतात आणि असे शिक्षक आपल्या भागात अजून आहेत.

ज्यांच्या घरी मुलांनी घोड्यावर बसायचा हट्ट धरला आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच. स्पर्धा असतील त्या दिवशी मुलांना घेऊन ग्लॅडस्टोनला जा, पागा पाहा, आणि स्वार पायी अंतर मोजतात तेव्हा कुंपणाशी उभं राहून ढांगा मोजा. पागा निवडताना तिथे मुलांकडून घोड्याची निगा करून घेतात का, रिकिबीविना आणि दोरीवर बसवतात का, आणि शिकवणाऱ्यांनी सेफस्पोर्टचं प्रशिक्षण घेतलं आहे का, हे तिन्ही प्रश्न विचारा. उत्तरं समाधानकारक नसतील तर दुसरी पागा बघा. न्यू जर्सीत पागांना तोटा नाही. आणि कोणी पहिल्याच महिन्यात घोडा विकत घ्यायला सांगू लागलं, तर नम्रपणे नाही म्हणा.